श्टुटगार्टला शिकायला जाताना: पहिल्या काही आठवड्यांतील कामे कोणत्या क्रमाने करावीत

श्टुटगार्ट विद्यापीठाचे हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होते आणि प्रत्यक्ष तास ऑक्टोबरच्या मध्यापासून भरू लागतात, त्यामुळे पुण्या-मुंबईहून येणारे बहुतेक विद्यार्थी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येथे उतरतात. व्हिसा हाती पडला आणि तिकीट निघाले, म्हणजे अवघड भाग संपला, असे घरच्यांना वाटते. येथे आल्यावर मात्र अशी कामे समोर येतात की जी एकेकटी पाहिली तर किरकोळ आहेत, पण एकमेकांत अडकलेली आहेत: बँकेला नोंदवलेला पत्ता हवा असतो, पत्त्याच्या नोंदणीला घरमालकाची सही लागते, घरमालकाला अनामत रक्कम हवी असते आणि अनामत भरण्यासाठी बँकेत पैसे असावे लागतात. ही गाठ पत्त्याच्या टोकाकडून सोडवली तर सुटते, दुसऱ्या कोणत्याही टोकाकडून ओढली तर अधिकच आवळते, हे ध्यानात ठेवून पुढील कामांचा क्रम लावलेला आहे.

निघण्यापूर्वी, भारतातच

काही गोष्टी परदेशातून दुरुस्त करणे अतिशय त्रासाचे असते. त्यांत पहिली गोष्ट म्हणजे भारतातील मोबाईल क्रमांक. बँकेचे, आयकराचे आणि शैक्षणिक कर्जाचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात, म्हणून त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे आणि ते सिम चालू राहील एवढा किमान रिचार्ज करण्याची जबाबदारी घरातील एकाकडे सोपवावी. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलनविषयक कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो, म्हणून भारतातील बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या, खात्यात बदलण्याविषयी बँकेशी याच वेळी बोलून ठेवावे.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ती मराठी माणसाच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. आपल्या पासपोर्टात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा एकाच रकान्यात येते, तर आडनाव वेगळ्या रकान्यात. जर्मन कार्यालये आडनाव सोडून दुसऱ्या रकान्यातील सर्व शब्दांना तुमचे नाव समजतात. विद्यापीठाच्या अर्जात वडिलांचे नाव गाळले, विम्याच्या अर्जात घातले आणि भाडेकरारात केवळ आद्याक्षर लिहिले, तर तीन कागदांवर तीन माणसे तयार होतात, आणि त्या तिघांना पुन्हा एक करण्यात कित्येक पत्रे खर्ची पडतात. म्हणून पासपोर्टात जसे आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने सर्वत्र नाव लिहावे. आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर पासपोर्ट व्हिसाच्या अर्जापूर्वीच दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे.

पैशांच्या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम देणाऱ्या खात्यात, जी रक्कम ठेवावी लागते ती २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, अशी आहे. हे पैसे तुमचेच असले तरी उतरल्या दिवशी हाती येत नाहीत. जर्मनीत चालू खाते उघडून, त्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीला कळवून, तिने पडताळणी केल्यावर मग दरमहा ठरलेला हप्ता मिळू लागतो. तोवरचा खर्च, पहिले भाडे आणि अनामत यांसाठी वेगळी तजवीज असली पाहिजे. फॉरेक्स कार्डावर दीड ते दोन हजार युरो आणि खिशात थोडी रोख रक्कम असल्यास पहिला महिना कोणाकडे हात न पसरता निघतो.

सामानाच्या बाबतीत एकच ताकीद पुरेशी आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाहेरच्या देशांतून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे आईने बांधून दिलेले पेढे, खव्याच्या पोळ्या आणि साजूक तूप हे सर्व या बंदीत मोडते. ताजा कढीपत्ता, आंबे आणि इतर बहुतेक ताजी फळे-भाज्या यांनाही वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. मसाले, पापड, चटण्या, लोणचे यांना अडचण नाही. गंमत अशी की सुक्या मासळीला नियमांची आडकाठी नाही, वैयक्तिक वापरासाठी २० किलोपर्यंत मासळी चालते. सामायिक स्वयंपाकघरातील इतर चौघांना सुके बोंबील भाजल्याचा वास चालेल की नाही, हा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. रोजची औषधे असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह तीन महिन्यांपुरती न्यावीत.

जागा

श्टुटगार्टमध्ये खोली मिळवणे हे सगळ्यांत कठीण काम आहे. विद्यार्थी कल्याण संस्था, म्हणजे श्टुडिएरेन्डनवेर्क, विद्यापीठाजवळच्या वाइहिंगन परिसरात आणि शहरात वसतिगृहे चालवते. तेथील खोली साधारण ३०० ते ४५० युरोंत मिळते, पण प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेशपत्र येताच त्याच दिवशी अर्ज करावा. खासगी घरात तीन-चार जणांनी मिळून राहण्याची जी पद्धत आहे, जिला येथे सर्वजण 'वेगे' म्हणतात, तिच्यातील खोलीला बहुधा पाचशेच्या पुढे मोजावे लागतात. एक स्थानिक गोष्टही लक्षात घ्यावी: सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बाड कानश्टाट भागात फोल्क्सफेस्ट ही प्रचंड जत्रा भरते आणि त्या काळात शहरातील हॉटेले व हॉस्टेले महागतात, भरूनही जातात. तात्पुरत्या मुक्कामाचे आरक्षण करायचे असेल तर ते उन्हाळ्यातच करावे, किंवा एसलिंगन, लुडविग्सबुर्ग, ब्योब्लिंगन अशा एस-बान या उपनगरी रेल्वेने जोडलेल्या शेजारच्या गावांत पाहावे.

जागा पाहताना भाड्याच्या आकड्याइतकाच एक प्रश्न महत्त्वाचा आहे: घरमालक वास्तव्याचा दाखला देणार आहे का? व्होनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग असे लांबलचक नाव असलेला हा एक पानी कागद नसेल, तर पत्त्याची नोंदणी होत नाही आणि पत्त्याची नोंदणी नसेल तर पुढचे बरेच काही अडते. कायद्याने हा दाखला देणे मालकाला बंधनकारक आहे, तरीही 'तेवढी नोंदणी सोडून बोला' असे सांगणारे भेटतात. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी ती दोन-तीन आठवड्यांच्या निवाऱ्यापलीकडे उपयोगाची नाही.

फसवणुकीचा ठराविक प्रकारही येथेच सांगणे योग्य. सुंदर छायाचित्रे, बाजारभावापेक्षा बरेच कमी भाडे, मालक 'सध्या दुसऱ्या देशात' असल्याने खोली दाखवता येत नाही आणि अनामत पाठवल्यावर किल्ली टपालाने येईल, अशी ती गोष्ट असते. किल्ली कधीच येत नाही. स्वतः किंवा आधीपासून तेथे असलेल्या मित्राने खोली पाहिल्याशिवाय आणि लेखी करार हाती आल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या, म्हणजे हीटिंग, पाणी इत्यादी खर्च वगळून येणाऱ्या भाड्याच्या, तिपटीहून अधिक घेता येत नाही आणि सामान्य भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क आहे, ही तरतूद जर्मन नागरी संहितेतच आहे. नव्याने आलेल्या मुलांना ती क्वचितच ठाऊक असते.

किल्ली ताब्यात घेताना खोलीच्या स्थितीचा लेखी तपशील मालकासोबत तयार करावा. भिंतीवरचा डाग, खिडकीची सैल कडी, फरशीवरचा ओरखडा, बेसिनला गेलेला तडा, सर्व काही लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण सोडतेवेळी जे या कागदावर नसते ते तुमच्या अनामतीतून वजा होते.

त्यानंतर त्याच दिवशी खाली जाऊन टपालपेटीवर आपले आडनाव लावावे. हे काम इतके क्षुल्लक वाटते की बरेच जण ते पुढे ढकलतात. पण येथे विमा कंपनीचे कार्ड, बँकेचे कार्ड आणि त्याचा पिन, कर क्रमांक, निवास परवान्याचे पत्र, सारे काही टपालाने येते, आणि टपालवाला घराच्या क्रमांकापेक्षा पेटीवरचे नाव पाहतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते आणि ते परत गेल्याचे तुम्हाला कळतही नाही. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर पत्त्यात आपल्या नावाखाली त्या घरधन्याचे नावही लिहावे.

पत्त्याची नोंदणी

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरब्युरो या नागरी सुविधा कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. यालाच आनमेल्डुंग म्हणतात. वेळ ऑनलाइन आरक्षित करावी लागते आणि ऑक्टोबरात या वेळा लवकर संपतात. आपल्या भागातील कार्यालयात वेळ मिळत नसेल तर शहरातील इतर शाखाही पाहाव्यात. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडल्यास रद्द झालेल्या वेळा कधीकधी मिळून जातात. दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली, तर ती मुदतीच्या आत आरक्षित केल्याचा पुरावा जपून ठेवावा. पासपोर्ट, व्हिसा, भरलेला अर्ज आणि मालकाचा दाखला एवढे कागद पुरतात. काम दहा मिनिटांचे असते आणि शेवटी शिक्का मारलेला नोंदणीचा दाखला मिळतो. त्याच्या चार-पाच प्रती काढाव्यात आणि एक स्कॅन फोनमध्ये ठेवावा.

अर्जात धर्माचा एक रकाना असतो, आणि तो केवळ माहितीसाठी नसतो. जर्मनीत कॅथलिक व प्रॉटेस्टंट चर्चच्या सदस्यांकडून सरकार आयकरासोबत चर्च-कर गोळा करते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात तो आयकराच्या ८ टक्के आहे. हिंदू, बौद्ध, मुस्लिम किंवा जैन विद्यार्थ्याला याची झळ नाही. वसईहून किंवा गोव्याहून आलेल्या कॅथलिक विद्यार्थ्याने मात्र त्या रकान्यात काय लिहितो आहोत हे समजून लिहावे. शिकत असताना उत्पन्न करपात्र नसल्यास काहीच द्यावे लागत नाही, पण पुढे नोकरी लागल्यावर हीच नोंद पगाराच्या चिठ्ठीत उमटते.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत दोन पत्रे आपसूक येतात. एकात अकरा अंकी कर क्रमांक असतो. तो आयुष्यभर बदलत नाही आणि पहिल्या अर्धवेळ नोकरीला लागतो. दुसरे पत्र सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे, महिन्याला १८.३६ युरो अशा दराचे, असते. घरात टीव्ही नाही म्हणून ते टाकून देऊ नये, कारण वर्गणी टीव्हीवर नसून घरावर आहे. 'वेगे'मध्ये राहत असाल तर एकाच रहिवाशाने ती भरायची असते. त्याचा वर्गणी क्रमांक कळवला की इतरांची सुटका होते आणि रक्कम आपसांत वाटून घेता येते.

विमा, बँक आणि निवास परवाना

आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठ प्रवेश पक्का करत नाही, म्हणून हे काम पत्त्याच्याही आधी, भारतातूनच सुरू करता येते आणि करावे. वयाची तीस वर्षे पूर्ण न झालेल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा संस्थांकडे विद्यार्थी दराने विमा मिळतो. तो महिन्याला १४० युरोंहून अधिक पडतो, आणि संस्था कोणतीही निवडली तरी दरात फारसा फरक नसतो. तीच संस्था विद्यापीठाला तुमच्या विम्याची सूचना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवते. स्वस्त खासगी विमा घेऊन सार्वजनिक विम्यातून सूट मागण्याचा मोह आवरावा, कारण एकदा घेतलेली सूट त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही. भारतातून घेतलेला प्रवास विमा फक्त सत्र सुरू होईपर्यंतचे दिवस भरून काढण्यासाठी आहे.

चालू खाते उघडताना काही बँका नोंदणीचा दाखला मागतात, तर काही नुसत्या पासपोर्टवर व्हिडिओद्वारे ओळख पटवून घेतात. भारतीय पासपोर्ट व्हिडिओ पडताळणीत चालतो का, हे अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्यावे, म्हणजे आठवडा वाया जात नाही. खाते सुरू झाले की त्याच दिवशी ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीला आयबॅन कळवावा. भाडे, विमा, फोन या सर्वांचे पैसे पुढे खात्यातून थेट वळते होतात. खात्यात शिल्लक नसताना वळते करण्याचा प्रयत्न झाला तर दंड लागतो, तेव्हा महिन्याच्या १ तारखेला खात्यात किती असले पाहिजे याचा हिशेब लिहून ठेवावा. बेकरी, छोटी उपाहारगृहे, आठवडी बाजार अशा ठिकाणी अजूनही रोख पैसे लागतात. यूपीआयची सवय झालेल्यांना याचे आश्चर्य वाटते.

व्हिसा संपल्यावर पुढे राहण्यासाठी लागणाऱ्या निवास परवान्याकडे दुर्लक्ष होण्याचे कारण असे की व्हिसावरची तारीख अजून लांब आहे असे वाटत राहते. मोठ्या शहरांतील परदेशी नागरिक कार्यालयांवर कामाचा ताण आहे आणि भेटीची वेळ मिळायला आठवडे, कधी महिने लागतात. त्यामुळे नोंदणी, विमा, बँक आणि विद्यापीठाचे प्रमाणपत्र हे चार कागद हाती येताच अर्ज करून टाकावा. कळीचा मुद्दा एवढाच की व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्ज गेलेला असला पाहिजे. तो गेलेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचे वास्तव्य कायदेशीर राहते आणि तसे दर्शवणारे तात्पुरते प्रमाणपत्र मागता येते, ज्याला मुले लांब जर्मन नाव टाळून 'फिक्त्सिऑन' म्हणतात. अर्जाची पोच, पाठवलेल्या ईमेलची तारीख, अपलोड केल्याचा स्क्रीनशॉट, सारे जपावे. आणि निवास परवान्याचे कार्ड किंवा हे प्रमाणपत्र हातात नसताना नाताळच्या सुट्टीची मुंबईची तिकिटे काढू नयेत, कारण परत येताना व्हिसा संपलेला असेल तर विमानतळावरच अडवणूक होते.

विद्यापीठात

कागदांच्या या धावपळीत विद्यापीठातील मुदती निमूटपणे निघून जातात. अभ्यासक्रमाची निवड आणि परीक्षेची नोंदणी 'कॅम्पस' नावाच्या पोर्टलवर होते, तर टिपणे आणि स्वाध्याय बहुतेक 'इलियास'वर मिळतात. भारतात वर्गात प्रवेश घेतला की परीक्षेचा अर्ज महाविद्यालयच भरून घेते, निदान सूचनाफलकावर तरी लावते. येथे विषयाला बसणे आणि त्याच्या परीक्षेसाठी नाव नोंदवणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. संपूर्ण सत्रभर तास ऐकलेले असले तरी मुदतीत नाव नोंदवले नसेल तर परीक्षा देता येत नाही, आणि कोणी आठवण करून देत नाही. ही मुदत तासांच्या पहिल्या काही आठवड्यांतच येऊन जाते.

हजेरी बहुतेक तासांना घेतली जात नाही. अंतर्गत गुण, टर्मवर्क, सबमिशनची फाइल यांची सवय असलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला हे स्वातंत्र्य वाटते, पण बऱ्याच विषयांत पूर्ण गुण सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर अवलंबून असतात आणि ती सहसा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. श्रेणी १.० ही सर्वोत्तम, ४.० ही काठावर उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास, अशी उलटी मोजणी आहे. नापास झाल्यास पुन्हा बसण्याच्या संधी मोजक्या असतात आणि त्या संपल्यास तो अभ्यासक्रमच सोडावा लागू शकतो, म्हणून पहिल्याच सत्रात सहा-सात अवघड विषय घेण्यापेक्षा चार-पाच नीट करावेत. आपल्या विभागाचे परीक्षा नियम एकदा शेवटपर्यंत वाचणे कंटाळवाणे असले तरी सीनियरच्या सल्ल्यापेक्षा ते अधिक भरवशाचे आहेत. सीनियर जुन्या नियमावलीखाली शिकलेला असण्याची शक्यता मोठी असते.

तास संपल्यावर मुले बाकावर बोटांच्या गाठींनी टकटक करतात. ती नाराजी नसून टाळ्यांऐवजी केलेली दाद आहे. प्रत्येक विषयाला जोडून सरावाचा एक तास असतो आणि त्यात दिलेली गणिते खरोखर सोडवली तरच परीक्षेचा अंदाज येतो. अभ्यासाचे गट याच तासाला जमतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात विभागातील विद्यार्थी गट नवागतांसाठी फेरफटके, नाश्ता, खेळ असे कार्यक्रम ठेवतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ते आपल्यासाठी नाहीत असे वाटते, पण तेथे ओळख झालेला एखादा जर्मन सहाध्यायी पुढे अभ्यासाच्या टिपणांपासून भाडेकरारातील बारीक अक्षरांपर्यंत सर्वत्र उपयोगी पडतो. भाषा केंद्राच्या जर्मन वर्गांची नावनोंदणीही याच सुमारास होते. मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या ए२ पातळीपर्यंत शिकून आलेल्यांनी खंड पडू देऊ नये. श्वाबियन ही या भागातील बोली सुरुवातीला कानावरून जाईल, पण कार्यालयातील माणसे विनंती केल्यास प्रमाण जर्मनमध्ये बोलतात.

शुल्काविषयी: या राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो शिक्षण शुल्क द्यावे लागते. जर्मनीत शिक्षण फुकट आहे असे सांगणाऱ्या नातेवाइकांना हे आधीच समजावून ठेवावे.

अर्धवेळ काम

२०२४ च्या मार्चपासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातील साहाय्यकाचे काम, ज्याला 'हीवी' म्हणतात, या मोजणीत धरले जात नाही. तास चालू असताना आठवड्याला २० तासांहून अधिक काम केल्यास मात्र विद्यार्थी म्हणून मिळणारी विम्याची सवलत धोक्यात येते. किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. घरपोच जेवण पोहोचवण्याचे काम 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणून करायला लावणारे भेटतात. विद्यार्थ्याच्या परवान्यावर वेगळ्या परवानगीशिवाय स्वयंरोजगार चालत नाही, म्हणून लेखी नोकरीचा करार नसेल तर तिकडे वळू नये. माझ्या मते पहिल्या दोन महिन्यांत काम शोधूच नये. तेवढा काळ निभावेल इतके पैसे सोबत आणणे हे पुढे एका विषयात नापास होण्यापेक्षा स्वस्त पडते.

घर, स्वयंपाक आणि शेजार

श्टुटगार्टच्या जुन्या इमारतींत दारावर एक दिवस अचानक पाटी लटकलेली दिसते. तिचा अर्थ असा की या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि घरासमोरचा पदपथ झाडण्याची पाळी तुमची आहे. केर्वोखे नावाची ही श्वाबियन रीत भाडेकरारात लिहिलेली असते. पाळी संपल्यावर पाटी शेजारच्या दारावर अडकवायची असते, आणि ती न झाडताच पुढे सरकवल्यास शेजारच्या आजीबाईंना ते कळते. पाळी मनापासून केली तर तीच आजीबाई पुढे तुमचे पार्सल घेऊन ठेवतात.

खोलीत हवा खेळती ठेवणे हेही येथे शिष्टाचाराइतकेच करारातील कर्तव्य असते. थंडीत खिडक्या गच्च लावून आत कपडे वाळवले आणि भाताचे दोन कुकर लावले, तर भिंतीला बुरशी धरते आणि ती काढण्याचा खर्च भाडेकरूवर येतो. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडकी पूर्ण उघडावी. दिवसभर किलकिली ठेवल्याने उष्णता जाते आणि ओल राहते.

फोडणीचा विषय स्वतंत्रपणे सांगावा लागतो. येथील काचेच्या विजेच्या शेगडीची आच गॅससारखी क्षणात कमी होत नाही. बटण बंद केले तरी काच तापलेलीच राहते, म्हणून मोहरी तडतडल्यावर मागून टाकलेले जिरे आणि हिंग करपतात, धूर होतो आणि छतावरचा धूरसूचक किंचाळू लागतो. वसतिगृहात ही यंत्रणा अग्निशमन दलाशी जोडलेली असेल तर चुकीच्या इशाऱ्याचा खर्चही मागितला जाऊ शकतो. उपाय सोपा आहे: मोहरी तडतडताच भांडे शेगडीवरून उचलून बाजूला धरावे आणि बाकीचे जिन्नस त्या उष्णतेवरच घालावेत, वरचा पंखा आधीपासून चालू ठेवावा आणि खोलीकडचे दार लावावे. प्रेशर कुकर आणायचा असेल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा आणावा.

तांदूळ, तूरडाळ, पोहे, गूळ भारतीय दुकानांत मिळतात. कोथिंबीर, मिरच्या, भेंडी, वांगी आणि सुट्या डाळी तुर्की दुकानांत स्वस्त पडतात. क्वार्क नावाचे जे दही कोणत्याही सुपरमार्केटात असते, त्यातले ४० टक्के स्निग्धांशाचे घेऊन रात्रभर फडक्यात टांगले तर चक्का तयार होतो. केशर-वेलची घरून आणलेली असेलच. शाकाहारी मुलांनी श्वाबियन पदार्थांपैकी मसूर आणि श्पेट्सलं या जाड शेवया पाहून हुरळून जाऊ नये: मसुरात बहुधा डुकराचे मांस असते आणि श्पेट्सलंमध्ये अंडे. विद्यापीठाच्या भोजनालयात, म्हणजे मेन्झात, पदार्थांवर खुणा असतात, त्या वाचाव्यात.

रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळपूर्वी खरेदी उरकावी. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर मिक्सर, व्हॅक्यूम, मोठ्याने गाणी हे सारे टाळावे. पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटातील यंत्रात परत मिळते. मुळात नळाचे पाणी पिण्याजोगे असते, तेव्हा बाटल्यांची गरजच थोडी.

प्रवास आणि प्रकृती

विमानतळावरून शहरात येणाऱ्या एस२ आणि एस३ या गाड्यांना वाटेतच विद्यापीठाचे स्थानक लागते, म्हणून वाइहिंगनला खोली असणाऱ्यांनी सामान घेऊन मुख्य स्थानकापर्यंत जाऊ नये. विनातिकीट सापडल्यास ६० युरो दंड आहे आणि 'मी नवीन आहे' हे कारण चालत नाही. सत्तावीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना या राज्यात देशभर चालणाऱ्या मासिक तिकिटाची सवलतीची आवृत्ती मिळते. इतरांसाठी ते जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. ते रद्द करायचे असल्यास महिन्याच्या १० तारखेपर्यंत करावे लागते.

आजारी पडण्याची वाट न पाहता घराजवळच्या एका सामान्य डॉक्टरकडे नाव नोंदवावे. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि डॉक्टरही ती सहजासहजी देत नाहीत. दवाखाने बंद असताना ११६११७ या क्रमांकावर डॉक्टर मिळतो. जिवावरचे संकट किंवा आग असेल तर ११२, पोलिसांसाठी ११०. परीक्षेच्या दिवशी आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरचे प्रमाणपत्र घ्यावे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, भारताशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार होते आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. दिवाळीही साधारण याच काळात येते. घरची आठवण येणे स्वाभाविक आहे, पण झोप उडणे, तासांना जावेसे न वाटणे, जेवण टाळणे असे आठवडाभराहून अधिक चालले, तर श्टुडिएरेन्डनवेर्कच्या मानसशास्त्रीय समुपदेशनाची वेळ घ्यावी. ते विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि तेथे जाण्याचा निवास परवान्याशी काही संबंध नाही.

जानेवारीच्या मध्यापासून पुढील सत्रासाठी पुनर्नोंदणी सुरू होते. तेव्हा शिक्षण शुल्क आणि सत्र वर्गणी मुदतीत, बरोबर संदर्भ क्रमांक लिहून, भरावी लागते. न भरल्यास विद्यापीठ नाव कमी करते आणि निवास परवान्याचा आधारच जातो. ब्लॉक्ड अकाउंटमधील ९९२ युरोंच्या हप्त्यात ही रक्कम बसत नाही, म्हणून ती भारतातून किंवा बाजूला ठेवलेल्या पैशांतून कशी येणार, हे नोव्हेंबरातच ठरवून ठेवावे.